पुन्हा त्याच जागेवरून

कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून तो प्रकाश मोजतो. त्यामुळे तळ्यावरचा पांढरा फेस चौकटभर असला की फोटोत तो मळकट करडा उतरतो. एक्स्पोजर एक पायरी वाढवलं की मगच पांढरा होतो. त्याच तळ्याच्या काठी, काळपट हिरव्या जलपर्णीपुढे एकटा बगळा उभा असला तर नेमकं उलट. आता चौकटीतला बराचसा भाग गडद असतो, कॅमेरा तो उजळायला बघतो आणि बगळ्याची पिसं एका पांढऱ्या डागात हरवून जातात. तिथे एक्स्पोजर कमी करावं लागतं. दोन्ही पांढरेच, दोन्ही एकाच तळ्यातले, पण चकती फिरवायची ती विरुद्ध दिशांना. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर फोटो काढायला लागलो तेव्हा मिळालेला पहिला धडा हा. तंत्राचा भाग लवकर हाताला बसला. त्या पांढऱ्या फेसाचं करायचं काय, हा प्रश्न मात्र बराच काळ सोबत राहिला.

मी मूळचा कोल्हापूरचा. सॉफ्टवेअर तपासणीच्या कामामुळे पुण्यामार्गे २०१३ साली बेंगळुरूला आलो, आणि ऑफिस रिंग रोडवर असल्यामुळे बेळ्ळंदूरलाच घर केलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जायची. शनिवार-रविवार कॅमेऱ्याचे. सुरुवातीला बेंगळुरूतला प्रत्येक नवखा हौशी छायाचित्रकार जे करतो तेच मीही केलं. पहाटे उठून नंदी हिल्स गाठायचं, लेपाक्षीचा अधांतरी खांब, श्रीरंगपट्टण, रंगनथिट्टूतले पक्षी, जोडून सुट्टी आली की हंपी. घरापासून चालत पोचता येईल अशा सुमारे ९०० एकरांच्या तळ्याकडे, शहरातल्या सगळ्यात मोठ्या तळ्याकडे, कॅमेरा घेऊन जावं असं मनातही येत नव्हतं. फोटो म्हणजे प्रवासात काढायची गोष्ट, असाच समज होता.

तळ्याकडे नेलं ते फेसाने. २०१५ च्या उन्हाळ्यात येमलूरच्या बाजूला, जिथे तळ्याचं पाणी कोडीवरून, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या बांधावरून, खाली पडतं तिथे, फेसाचे ढीग माणसाच्या उंचीपर्यंत चढायला लागले. त्यामागचं कारण समजायला कठीण नाही. शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी, त्यातलं बरंचसं प्रक्रियेविना, या तळ्यात येत होतं. त्यात कपडे-भांडी धुण्याच्या पावडरी, त्यातला फॉस्फरस, तेलकट घाण. असं पाणी कोडीवरून उंचावरून आपटलं की त्यात हवा कोंडते आणि फेस तयार होतो. जोराचा पाऊस झाला की तळाचा गाळ ढवळतो, प्रवाह वाढतो आणि फेसही वाढतो. वाऱ्याने तो उडून रस्त्यावर येतो, दुचाकीवाल्यांच्या अंगावर बसतो, कातडीला खाज सुटते. त्याच वर्षी मे महिन्यात त्या फेसाने पेट घेतला. पाण्यावर आग, हे वाक्य बातमीत वाचलं तरी खरं वाटत नव्हतं.

मी तिथे उभा राहिलो तेव्हा पूर्वेकडून तिरपं ऊन येत होतं आणि फेसाच्या कडा उजळल्या होत्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर दृश्य सुंदर होतं. मी फोटो काढले, चांगले आले, आणि त्यातला एक आईला फोनवर पाठवला. तिने लगेच विचारलं, "अरे, मनालीला गेला होतास? थंडी होती का खूप?" तिचं काही चुकलं नव्हतं. फोटोत जेवढं होतं तेवढंच तिने वाचलं. सडक्या अंड्यांसारखी जी दुर्गंधी माझ्या घशात बसली होती ती त्या चौकटीत कुठेच नव्हती. उलट प्रकाश जितका चांगला, तितका तो फोटो खोटा होत होता.

यावर तोडगा शोधण्यात मी बराच काळ घालवला, आणि माझ्या मते या छंदाचा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. फेस एकटा टिपायचा नाही, हे पहिलं ठरवलं. सोबत कशाची तरी मोजपट्टी हवी: नाकाला रुमाल बांधून जाणारी शाळकरी मुलं, फेस अडवायला पुलाच्या कडेला लावलेली जाळी, हेल्मेटची काच पुसणारा दुचाकीवाला. नाला तळ्यात शिरतो ते तोंड चौकटीत घ्यायचं. सोनेरी उजेडाची वाट बघायची नाही. भर दुपारचं सपाट ऊन या विषयाला जास्त न्याय देतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटोसोबत ओळ लिहायची. जागा, दिशा, तारीख, वेळ, वारा कुठून होता, वास किती होता. चित्राला जे सांगता येत नाही ते लिहून सांगण्यात कमीपणा आहे असं मानणारे छायाचित्रकार मला भेटले आहेत. मला ते पटत नाही.

तारखेचं महत्त्व मला वडिलांकडून मिळालं होतं, पण त्याचा अर्थ नंतर लागला. त्यांच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही वर्षातून एखाददोन वेळा. रंकाळ्याच्या काठावर, मागे संध्यामठ दिसेल अशा बेताने ते आम्हाला उभं करायचे. फोटो धुऊन आला की मागच्या बाजूला निळ्या शाईने लिहायचे: रंकाळा, कोजागिरी, १९७९. कोण उभं आहे ते लिहिलेलं नसायचं, कारण ते घरात सगळ्यांना ठाऊकच. ते फोटो आज हातात घेतले की मी आमच्या चेहऱ्यांकडे कमी आणि मागच्या पाण्याकडे जास्त बघतो. कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं, जलपर्णी होती की नव्हती, काठाला किती घरं होती. मागे शाईने लिहिलेलं वर्ष नसतं तर यातलं काहीच नक्की सांगता आलं नसतं.

याच गोष्टीचं फार मोठं रूप मला हंपीच्या निमित्ताने दिसलं. हंपीला विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथापुढे रांग लागते. पन्नासच्या नोटेवरही तोच रथ आहे, त्यामुळे चौकट कशी धरायची हेसुद्धा सगळ्यांना पाठ असतं. मीही ती चौकट धरली आहे. पण त्यानंतर एक पुस्तक हाती आलं. अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाचा मद्रास लष्करातला अधिकारी १८५६ च्या सुमारास हंपीला गेला होता. पेशाने तो सैनिक, फोटोग्राफी हा त्याचा छंद. मेण लावलेल्या कागदाच्या मोठाल्या निगेटिव्हवर त्याने तिथल्या देवळांचे, मंडपांचे, दरवाजांचे फोटो घेतले. ते पुढे विस्मृतीत गेले आणि १९८० च्या सुमारास पुन्हा उजेडात आले. मग जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने १९८३ मध्ये ग्रीनलॉच्याच जागा शोधून, तिथेच उभं राहून, तेच फोटो पुन्हा काढले. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. ग्रीनलॉच्या फोटोत दगडी रथावर विटांचं शिखर आहे. आज ते नाही. नोटेवर नाही, लाखो पर्यटकांच्या मोबाइलमध्ये नाही. एका हौशी माणसाने त्या दिवशी तिथे कॅमेरा रोवला म्हणून ते होतं हे आज आपल्याला दाखवता येतं.

गोलिंग्जने केलं ते मला ग्रीनलॉइतकंच मोठं वाटतं. नवीन काही शोधायचं नाही, दुसऱ्याने निवडलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, त्याची उंची, त्याचा कोन पाळायचा. व्यावसायिक छायाचित्रकाराला एरवी हे परवडत नाही. त्याला आज काम मिळतं, उद्या दुसरीकडे जायचं असतं, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो एकच उत्तम फोटो. त्याच जागी पुन्हा पुन्हा जायची चैन फक्त हौशी माणसालाच करता येते. हे लक्षात आलं तेव्हा मी माझ्या कॅमेऱ्याच्या क्षमतेबद्दल काळजी करणं सोडून दिलं.

मग तळ्याच्या काठी दोन जागा ठरवल्या. एक आमच्या इमारतीची गच्ची, दुसरी काठावरच्या वाटेवरचा एक दगडी कठडा. पन्नास मिलिमीटरची स्थिर लेन्स, एफ/८, क्षितिज चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागावर, डावीकडे पलीकडच्या काठावरची पाण्याची टाकी ठरलेल्या ठिकाणी. सकाळी सात. शक्य असेल त्या प्रत्येक रविवारी. सुंदर दिसतंय का, हा प्रश्न त्या वेळी विचारायचा नाही. काही भागाला लष्कराची जमीन लागून आहे, तिथे छायाचित्रणाला मनाईच्या पाट्या आहेत. त्या बाजूला लेन्स वळवायची नाही. कोणी कोणी ड्रोन सुचवला. पण एचएएलचा विमानतळ इथून जवळ आहे, तेजसच्या चाचणी उड्डाणांचा गडगडाट घरात ऐकू येतो, तेव्हा तो विचारही केला नाही. दुसऱ्या महायुद्धात एचएएलच्याच कारखान्यात कॅटालिना जातीच्या उडत्या बोटींची दुरुस्ती व्हायची आणि त्या या तळ्याच्या पाण्यावर उतरायच्या. विमान उतरेल इतकं मोकळं पाणी इथे होतं. जलपर्णीच्या सलग हिरव्या पट्ट्याकडे बघताना मला हे हटकून आठवतं.

एकेकटा पाहिला तर यातला कुठलाही फोटो भिंतीवर लावण्याजोगा नाही. पण ओळीने लावले की तळं हलायला लागतं. जलपर्णी वाऱ्यासोबत या काठाहून त्या काठाला जाते. पावसाळ्यात कोडीकडचा पांढरा पट्टा रुंदावतो. पलीकडच्या काठावर क्रेन उगवतात, इमारती मजल्यामजल्याने चढतात, आणि टाकी, माझी खूण, हळूहळू त्यांच्यामागे झाकली जाते. तळं भरतं आहे, आटतं आहे, लहान होतं आहे, हे डोळ्यांना एका दिवशी कधीच दिसत नाही.

१९ जानेवारी २०१८ हा दिवस या मालिकेत बसत नाही, कारण तो शुक्रवार होता. ऑफिसच्या खिडकीतून धूर दिसला. तळ्यातल्या वाळलेल्या गवताला आणि कचऱ्याला आग लागली होती. अग्निशामक दलाच्या गाड्यांना दलदलीतून आत जाता येईना, आणि लष्कराचे जवान हजारोंच्या संख्येने विझवायला उतरले. आदल्या वर्षी फेब्रुवारीतही अशीच आग लागली होती आणि राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली होती. मी संध्याकाळी गच्चीवर गेलो, नेहमीच्याच चौकटीत फोटो काढला. टाकी दिसत नव्हती. पलीकडचा काठच दिसत नव्हता. हा फोटो मी लोकांना दाखवतो तेव्हा आधीच्या रविवारचा त्याच्या शेजारी ठेवतो. नुसता धूर बघून माणसं हळहळतात आणि पुढे जातात. शेजारचा फोटो बघून विचारतात, इथे काय काय होतं?

त्या वर्षाच्या डिसेंबरात लवादाने या आणि याच्याशी जोडलेल्या तळ्यांच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवायचा आदेश राज्य सरकारला दिला, न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली गेली, आणि पुढे बेंगळुरू विकास प्राधिकरणाने सांडपाणी बाजूने वळवून तळं रिकामं करायला घेतलं. २०२० नंतरच्या माझ्या फोटोंत पाण्याच्या जागी तपकिरी तळ दिसतो, त्यावर गाळ उपसणारी यंत्रं आणि ट्रकच्या चाकोऱ्या. तळ्याचा तळ मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिला. काम फार रेंगाळलं, याबद्दल इथले रहिवासी चिडलेले आहेत आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. किती रेंगाळलं हे सांगायला माझ्याकडे एकाच कोनातले, तारखा असलेले फोटो आहेत. रहिवाशांच्या बैठकीत मी ते दाखवले तेव्हा एरवी तासभर चालणारा वाद लवकर मिटला, आणि बोलणं पुढे काय करायचं याकडे वळलं.

फोटोंत माणसं कशी आणायची, हे मी काठावरच्या एका अज्जींकडून, म्हणजे आजींकडून, शिकलो. पहाटे त्या तळ्याकाठचं गवत कापून भारे बांधायच्या, गोठ्यांना विकायच्या. मी आधी लांबूनच फोटो घ्यायचो. एकदा त्यांनी विळा खाली ठेवला, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ननगे ओंदु फोटो बेकु." मला एक फोटो पाहिजे. स्क्रीनवर दाखवायला गेलो तर त्यांनी मान हलवली. कागदावर पाहिजे. पुढच्या रविवारी मी छापून नेला. भाऱ्यासकट काढलेला. त्यांनी तो बघितला, पदराने पुसला आणि परत दिला. भारा नको, नवी साडी नेसून येते, तसा काढ. तसा काढला. तोच त्यांनी घरी देवाजवळ लावला, असं त्यांच्या नातवाने सांगितलं.

मला भाऱ्याचा फोटो जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्यांना साडीचा, आणि या दोन्हींत त्यांचाच शब्द शेवटचा. तेव्हापासून माणसाचा फोटो काढायचा तर आधी बोलायचं, छापील प्रत द्यायची, आणि त्या माणसाने नको म्हटलेला फोटो कुणालाही दाखवायचा नाही, हा माझा नियम आहे. स्थलांतरित मजुरांच्या पत्र्याच्या वस्तीत, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या शेडमध्ये हा नियम जास्तच कडक पाळायला हवा. त्या जागा टिकाऊ नसतात. एखाद्या फोटोमुळे कुणाची झोपडी हलवली गेली तर त्या फोटोची कला काय कामाची? अज्जींनी छापील फोटोच्या बदल्यात मला जे दिलं ते कुठल्याही लेन्सला मिळालं नसतं. त्यांच्या लग्नानंतर त्या याच तळ्याचं पाणी प्यायला न्यायच्या. कुठल्या पायऱ्यांवरून, ते त्यांनी मला नेऊन दाखवलं. पायऱ्या आता मातीखाली आहेत. मी त्या मातीचा फोटो काढला आणि खाली त्यांनी सांगितलेलं लिहिलं.

एवढं सगळं फेस आणि गाळच बघत राहिलो असतो तर मी थकून गेलो असतो. थकवा घालवायला मी सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावर जातो. जेमतेम ४८ एकरांचं तळं, पण आसपासच्या लोकांनी महापालिकेसोबत राहून ते पुन्हा उभं केलं, आणि पक्षी परत आले. झोळीवाले, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदी-कुंकू बदकं, खंड्या. तळ्यांच्या साखळीतून याचंच पाणी सौळकेरे तळ्यामार्गे पुढे बेळ्ळंदूरला येतं. एका तळ्यावर झोळीवाल्याच्या चोचीतला मासा टिपायचा आणि दुसऱ्यावर फेस, हे एकाच सकाळी करता येतं. आणि हेही खरं की बेळ्ळंदूरच्या घाण पाण्यातसुद्धा शेकाटे आपल्या लांब लाल पायांनी निवांत फिरत असतात. पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं, असं फोटो बघून कुणी म्हणू नये म्हणून मी ते मुद्दाम लिहून ठेवतो.

पक्षी-प्राण्यांच्या फोटोंच्या बाबतीत बेंगळुरूची परंपरा मोठी आहे. वन्यजीव छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ याच शहरात राहिले, शिकवत राहिले. १९७१ मध्ये इथे स्थापन झालेली यूथ फोटोग्राफिक सोसायटी अजून जोमात आहे. पण मला ज्यांच्याबद्दल विशेष ओढ वाटते ते संडूरचे मुरारराव यशवंतराव घोरपडे. मराठा घराणं, संस्थानाचा वारसा, १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री, पुढे ग्रामविकास खात्याचे मंत्री. इतक्या जबाबदाऱ्या सांभाळून त्यांनी आयुष्यभर जंगलात जाऊन कृष्णधवल फोटो काढले. हत्तींचे तर असे, की कातडीच्या सुरकुत्यांवरची धूळ जाणवते. १९८३ मध्ये त्यांचं छायाचित्रांचं पुस्तक लंडनहून निघालं. वेळ मिळत नाही, ही तक्रार माझ्या तोंडी आली की मला घोरपड्यांची आठवण होते. त्यांनी पोट भरण्यासाठी एकही फोटो काढला नाही आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी त्यांना आपल्यातलं मानलं.

प्रवास मी सोडले नाहीत. पण प्रवासात काय बघायचं ते बदललं. कोलारला सोमेश्वराचं देऊळ बघायला गेलो होतो. त्याचे खांब इतके कोरीव आहेत की बाजूने येणारा उजेड मिळाला तर दिवस सार्थकी लागतो. परतताना नरसापूरजवळचं तळं काठोकाठ भरलेलं दिसलं. कोलार हा बारमाही नदी नसलेला, वर्षानुवर्षं टंचाई सोसलेला जिल्हा. हे पाणी आलं कुठून? आमच्याकडूनच. बेळ्ळंदूरला येऊन मिळणाऱ्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं सांडपाणी प्रक्रिया करून, उपसून कोलारच्या तळ्यांत सोडायची योजना २०१८ पासून चालू आहे. रोज ४४ कोटी लिटर, १२६ तळी, असा तिचा मूळ आराखडा. पाण्यावर दुसऱ्या टप्प्यापर्यंतचीच प्रक्रिया होते, तिसरा टप्पाही हवा, असा आग्रह तिथले लोक आणि तज्ज्ञ धरत आले आहेत, आणि तो मला योग्य वाटतो. पण विहिरींना पाणी आलं म्हणून समाधानी असलेला शेतकरीही मला त्याच काठावर भेटला. त्याने विचारलं, कुठून आलात? बेळ्ळंदूर म्हटल्यावर तो हसला आणि तळ्याकडे हात केला.

तिथे मी पन्नासची लेन्स लावली, एफ/८, क्षितिज वरच्या तिसऱ्या भागावर. घरच्या तळ्याची चौकट जशीच्या तशी. कोलारचा तो फोटो आता बेळ्ळंदूरच्या फाइलमध्येच राहतो, प्रवासाच्या नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये उलट झालं. प्रवासाला न जाता पर्यटनाइतके फोटो निघाले. रात्रभर पाऊस पडला आणि रिंग रोडवरची ऑफिसं, सर्जापूर रस्त्यावरच्या वसाहती पाण्यात गेल्या. इंजिनिअर लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला निघाले. ते फोटो जगभर छापून आले. मी मात्र पाणी ओसरल्यावर निघालो. राजकालुवे, म्हणजे एका तळ्याचं जादा पाणी पुढच्या तळ्याला नेणारे जुने मोठे ओहोळ, कुठे अरुंद होतात, कुठे भिंतीखाली शिरतात, कुठे रस्त्याखाली गायब होतात, ते चालत चालत टिपलं. ट्रॅक्टरचा फोटो परिणाम दाखवतो. ओहोळाचा फोटो कारण दाखवतो आणि तो कुणी मागत नाही. ज्यांना बातमीची घाई नाही अशांनीच तो काढायला हवा.

आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात फेसाचा एक फोटो फिरतो, 'आज सकाळचं बेळ्ळंदूर' अशा ओळीसह. त्यातला एखादा नवा असतो, एखादा जुना. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतून तारीख, वेळ, जागा ही आतली नोंद गळून पडते, त्यामुळे खात्री करायला काही उरत नाही. जुना फोटो नवा म्हणून फिरला की दोन नुकसानं होतात. काम झालं असेल तर ते झाकलं जातं. आणि एकदा खोटं पकडलं गेलं की खऱ्या फोटोवरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मी माझा कुठलाही फोटो देताना खालच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर तारीख आणि जागा छापूनच देतो. त्याने फोटोची शोभा जाते, असं काही मित्र म्हणतात. जाऊ दे.

या हिवाळ्यात आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मला बरेच दिवस कोल्हापुरात राहावं लागणार आहे. मालिकेत खंड पडू नये म्हणून आमच्याच इमारतीतल्या एका दहावीतल्या मुलीला गच्चीवर घेऊन गेलो. तिच्याकडे फोनच आहे, मोठा कॅमेरा नाही. चालेल म्हटलं. कठड्यावर कोपर कुठे टेकवायचं, टाकी चौकटीत कुठे यायला हवी, वहीत काय लिहायचं, सगळं दाखवलं. तिने विचारलं, "अंकल, धुक्यात काहीच दिसलं नाही तर?" मी म्हटलं, तरी काढ, आणि धुकं होतं असं लिही. ती तेवढ्यावर थांबली नाही. ज्या फाटकातून गाळाचे ट्रक बाहेर पडतात ते तिच्या घराच्या खिडकीतून दिसतं, आणि ते मला गच्चीवरून कधीच दिसलं नव्हतं. तिने तिथून तिची स्वतःची चौकट ठरवली आहे, शाळेत जायच्या आधीची वेळ. एका तासात किती ट्रक भरून गेले आणि किती रिकामे आले, तेही ती लिहिते. तिची वही माझ्या वहीत मिसळायची नाही, वेगळी ठेवायची, असं आमचं ठरलं आहे.